काळाचे साक्षीदार: वृक्षवलये आणि प्राचीन इतिहास

दिल्लीला गेलेला मनुष्य कुतुबमिनार पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. त्या मिनाराच्या आवारातच सात मीटरहून उंच असा लोखंडी स्तंभ उभा आहे. त्यावर सहा ओळींचा संस्कृत लेख कोरलेला आहे. चंद्र नावाच्या एका राजाचा पराक्रम त्यात वर्णिला आहे. परंतु तो राजा कोणत्या वर्षी होऊन गेला हे लेखात कोठेही नाही. अक्षरांचे वळण आणि गुप्तकाळातील नाणी यांवरून विद्वान त्याला दुसरा चंद्रगुप्त मानतात. म्हणजे स्तंभ सुमारे सोळाशे वर्षांचा ठरतो. लेख डोळ्यांपुढे असूनही काळ ठरवण्यासाठी दुसरीकडे साक्ष शोधावी लागली, ही गोष्ट लक्षात घ्या.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्याला ही अडचण नवीन नाही. शास्त्रलेखकांनी आपल्यासारखे इसवी सनाचे आकडे लिहिले नाहीत. यशयाला दर्शन झाले ते उज्जीया राजा मरण पावला त्या वर्षी (यशया ६:१). लूकने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या सेवेचा काळ तिबिर्य कैसराच्या कारकिर्दीवरून सांगितला आहे (लूक ३:१). आमोसाने तर आणखी एक खूण दिली आहे. भूमिकंपाच्या दोन वर्षे आधी आपल्याला दर्शन झाले असे तो सांगतो (आमोस १:१). तो भूकंप एवढा मोठा होता की जखऱ्याच्या ग्रंथातही त्याची आठवण राहिली आहे (जखऱ्या १४:५).

आपण तरी वेगळे काय करतो? लातूर आणि धाराशिव भागात आजही वडीलधारी मंडळी विचारतात, “हे लग्न भूकंपाच्या आधीचे की नंतरचे?” ३० सप्टेंबर १९९३ ही तारीख सांगावी लागत नाही. एखाद्या आजीला आपले जन्मवर्ष ठाऊक नसते, पण धाकटा मुलगा बहात्तरच्या दुष्काळात झाला हे ती ठामपणे सांगते. निसर्गातील घटना मनुष्याच्या स्मरणात खुंटीसारख्या रोवल्या जातात. मग प्रश्न असा की, ज्या काळाचे स्मरण ठेवणारे कोणीही उरले नाही, त्या काळाची साक्ष कोणाला विचारावी?

ही साक्ष झाडांनी, तळ्यांनी आणि गुहांनी जपून ठेवली आहे. ती कशी वाचतात, दिल्लीच्या परिसरात तिने काय सांगितले, आणि ख्रिस्ती मनुष्याने ती कोणत्या वृत्तीने ऐकावी, याचा या पाठात आपण विचार करू.

खोडातील नोंदवही

थंडी आणि उन्हाळा, पाऊस आणि कोरड यांचे चक्र जेथे स्पष्ट असते, तेथील पुष्कळ झाडे दरवर्षी सालीच्या आत लाकडाचा एक नवा थर चढवतात. खोड आडवे कापले की हे थर वलयांसारखे दिसतात. पाऊस चांगला झालेल्या वर्षी वलय रुंद असते, अवर्षणात ते अरुंद होते. नुसती वलये मोजली तर झाडाचे वय कळते. इतिहासासाठी मात्र त्यांच्या रुंद-अरुंद क्रमाला महत्त्व आहे. एकाच प्रदेशातील झाडांवर एकच हवामान येते. त्यामुळे तेथील झाडांत तोच क्रम उमटतो.

आता आपल्या मंडळीच्या नोंदवह्या आठवा. एखाद्या कुटुंबाचा इतिहास शोधायचा झाला तर आपण काय करतो? आजच्या वहीत वडिलांच्या विवाहाची नोंद असते, त्याआधीच्या वहीत त्यांच्या बाप्तिस्म्याची आणि आजोबांच्या विवाहाची, आणखी जुन्या वहीत आजोबांच्या बाप्तिस्म्याची. एका वहीचा शेवट दुसऱ्या वहीच्या आरंभाशी जुळवीत आपण मागे जातो. वृक्षवलयांचा अभ्यास असाच चालतो. जिवंत झाडाची आतली वलये जुन्या घराच्या तुळईतील बाहेरच्या वलयांशी जुळतात, त्या तुळईची आतली वलये एखाद्या पुरातन अवशेषातील लाकडाशी जुळतात. अशी साखळी तयार होते.

ही पद्धत अमेरिकेतील ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने घडवली. त्याच्याजवळ दोन साखळ्या होत्या. एक जिवंत झाडांपासून मागे जाणारी आणि दुसरी प्राचीन वस्त्यांतील लाकडांची. या दोहोंमध्ये खिंड होती. २२ जून १९२९ रोजी ॲरिझोना राज्यातील शो लो येथे जळून कोळसा झालेली एक तुळई सापडली, आणि तिच्या वलयांनी ती खिंड भरून काढली. प्वेब्लो बोनिटोसारख्या वस्त्यांच्या लाकडांना त्यानंतर नेमकी वर्षे देता आली.

आपल्या देशातही हे काम चालते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील संशोधकांनी ठाण्याच्या सागापासून हिमालयाच्या देवदारापर्यंत अनेक वृक्षांची वलये अभ्यासली आहेत. केरळातील सागापासून त्यांनी १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका तयार केली. हिमाचल प्रदेशातील लाहौल भागात ज्युनिपर वृक्षांपासून १,५८४ वर्षांची मालिका मिळाली आहे.

अशा साक्षीवर विश्वास का ठेवावा? ज्या घटना आपल्याला आधीच ठाऊक आहेत त्यांच्याविषयी तिला विचारून पाहता येते म्हणून. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आपल्या मंडळ्यांच्या इतिहासाला परका नाही. अहमदनगर आणि सोलापूर या भागांतील मिशनकार्याची हकीकत त्याच्यावाचून पूर्ण होत नाही. आशियातील शेकडो ठिकाणच्या वृक्षवलयांवरून २०१० मध्ये मान्सूनच्या अवर्षणांचा एक नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यात या वर्षांचे महाभयंकर अवर्षण स्पष्ट दिसते. ज्या साक्षीदाराने माहीत असलेली गोष्ट खरी सांगितली, त्याचे माहीत नसलेल्या गोष्टीविषयीचे म्हणणेही आपण लक्षपूर्वक ऐकतो.

दिल्लीजवळच्या मातीत

परंतु दिल्लीच्या सपाट प्रदेशात एक अडचण उभी राहते. तेथील उष्ण आणि दमट मातीत लाकूड टिकत नाही. जे वाळवीच्या तावडीतून सुटते ते कुजते. त्यामुळे हजारो वर्षे मागे जाणारी वलयांची साखळी तेथे मिळत नाही.

उत्तर प्रदेशातील बागपत जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडतो. यमुनेपासून फार दूर नसलेल्या, उसाच्या पट्ट्यातील सनौली या गावी शेतातून जुन्या वस्तू वर येऊ लागल्या. २००५-०६ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तेथे उत्खनन केले आणि ११६ दफने उजेडात आली. पुढे २०१८ मध्ये संजय मंजुल यांच्या नेतृत्वाखाली पुन्हा उत्खनन झाले. तेव्हा तांब्याने मढवलेल्या शवपेट्या, तांब्याच्या तलवारी, ढाली आणि भरीव चाकांच्या तीन गाड्या सापडल्या. लाकूड केव्हाच माती झाले होते. त्यावर जडवलेले तांबे तेवढे जागच्या जागी राहिले होते, आणि त्याच्याच आधारे शवपेटीचा आकार आणि चाकाचा घेर ओळखता आला.

जेथे वलये मोजण्याइतकेही लाकूड उरलेले नाही, तेथे कालगणना कशी करावी? येथे दुसरा साक्षीदार पुढे येतो. अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणात कार्बन-१४ नावाचा किरणोत्सर्गी कार्बन सतत तयार होत असतो. वनस्पती तो हवेतून घेतात, प्राणी तो वनस्पतींतून घेतात. जीव मेला की ही आवक थांबते आणि आत असलेला कार्बन-१४ हळूहळू नाहीसा होऊ लागतो. सुमारे ५,७३० वर्षांत त्यातील निम्मा उरतो, पुढच्या तितक्याच वर्षांत त्याच्याही निम्मा. उरलेले प्रमाण मोजले की तो जीव केव्हा मेला याचा अंदाज करता येतो. विलर्ड लिबी यांनी ही पद्धत १९४९ मध्ये जगापुढे मांडली आणि १९६० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आज खुद्द दिल्लीत, अरुणा असफ अली मार्गावरील इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये असे मापन होते. तेथील यंत्र कार्बनचे अणू एकेक करून मोजते. त्यामुळे एक मिलिग्रॅमच्या आसपास कार्बनही पुरतो. धान्याचा एक जळका दाणाही साक्ष देऊ शकतो.

सनौलीच्या दफनांचा काळ या मार्गाने इ.स.पू. १९०० च्या आसपासचा, म्हणजे आजपासून सुमारे ३,८०० ते ४,००० वर्षांपूर्वीचा ठरला आहे.

घड्याळ दुरुस्त करणारे झाड

येथे चिकित्सक वाचक एक योग्य प्रश्न विचारील. हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण सदैव सारखेच होते हे कशावरून? लिबी यांनी आरंभी ते सारखे होते असे गृहीत धरले. ते गृहीतक पूर्णपणे खरे नव्हते, आणि ही चूक झाडांनीच दाखवून दिली.

प्रत्येक वलय ज्या वर्षी बनते त्या वर्षीच्या हवेतील कार्बन ते स्वतःत साठवते. म्हणून ज्या वलयाचे वर्ष मोजून नक्की ठाऊक आहे, त्याचा कार्बन मोजला की त्या वर्षी घड्याळ किती पुढे वा मागे होते ते कळते. यासाठी कॅलिफोर्नियाच्या उंच डोंगरांतील ब्रिसलकोन पाईन हे झाड फार उपयोगी पडले. या जातीच्या एका जिवंत झाडाचे वय १९५७ मध्ये एडमंड शुलमन यांनी मोजले. आज ते ४,८०० वर्षांहून अधिक भरते. त्याला नाव मिळाले मथुशलह, उत्पत्तीच्या पुस्तकातील सर्वांत दीर्घायुषी पुरुषाचे. जिवंत आणि मेलेल्या ब्रिसलकोन झाडांची साखळी जोडल्यावर दिसून आले की, चार-पाच हजार वर्षांपूर्वीच्या वस्तूंसाठी कार्बनचे घड्याळ काही शतके कमी वय दाखवत होते.

या दुरुस्तीचा आपल्या देशाच्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कार्बन-१४ मोजण्याची प्रयोगशाळा होती. तेथील मोजमापांच्या आधारे डी. पी. अग्रवाल यांनी १९६४ मध्ये हडप्पा संस्कृतीचा काळ इ.स.पू. २३०० ते १७५० असा मांडला. मोजमाप काळजीपूर्वक केलेले होते. तरीही पुढे वृक्षवलयांनी केलेली दुरुस्ती लावल्यावर त्या नगरांचा भरभराटीचा काळ इ.स.पू. २६०० ते १९०० असा मागे सरकला. मोहेंजोदडोचे वय सुधारून देणारे झाड सात समुद्रांपलीकडच्या एका खडकाळ डोंगरावर उभे होते!

हरियाणातील रोहतक जिल्ह्यात फरमाणा येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ पासून उत्खनन केले. तेथे हडप्पाकालीन घरे आणि सत्तरच्या आसपास दफने मिळाली. अशा स्थळांविषयी आज कोणी वर्षे सांगतो तेव्हा ती दुरुस्तीनंतरची असतात.

यातून आपणासही शिकण्यासारखे आहे. कार्बनच्या साक्षीतील उणीव त्या पद्धतीच्या शत्रूंनी नव्हे, तर तिचा उपयोग करणाऱ्यांनीच शोधली, उघडपणे मान्य केली आणि सुधारली. ज्याला सत्य हवे असते तो आपली चूक दाखवणाऱ्यावर रुष्ट होत नाही.

गोगलगायीचे कवच

दिल्लीच्या दक्षिणेस, हरियाणाच्या नूह जिल्ह्यात कोटला डहर नावाचे एक खोलगट स्थान आहे. हाही भाग राजधानी क्षेत्रातच येतो. पूर्वी तेथे मोठे तळे होते. त्याच्या गाळात लहान गोगलगायींची कवचे थराथराने साठलेली आहेत. केंब्रिज विद्यापीठाच्या यमा दीक्षित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कवचांचा अभ्यास करून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्यामागील तत्त्व सोपे आहे. पाण्यात हलका आणि जड असे ऑक्सिजनचे दोन प्रकार असतात. ऊन पडले की हलका ऑक्सिजन असलेले पाणी आधी वाफ होऊन जाते. पाऊस कमी पडून तळे आटू लागले की मागे राहिलेल्या पाण्यात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढते. गोगलगाय आपले कवच त्याच पाण्यातून घडवते. म्हणून कवच पाहून तळे भरलेले होते की आटत होते ते कळते. कोटला डहरच्या कवचांनी सांगितले की, सुमारे ४,१०० वर्षांपूर्वी उन्हाळी मान्सून एकाएकी क्षीण झाला.

मेघालयातील मॉम्लूह गुहेतल्या लवणस्तंभातही याच सुमाराच्या अवर्षणाची खूण आहे. ती इतकी ठळक आहे की, २०१८ मध्ये भूशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ४,२०० वर्षांपूर्वीपासूनच्या कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव दिले. हडप्पा संस्कृतीची मोठी नगरे ओस पडू लागली ती या घटनेनंतरच्या शतकांत.

म्हणजे दुष्काळानेच नगरे मोडली असे म्हणावे काय? येथे सावध राहणे बरे. दोन घटना एका काळात घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. लोकांनी पिके बदलली असतील, ते लहान गावांत विखुरले असतील, व्यापार बंद पडला असेल. तळे आपल्याला पाऊस केव्हा घटला एवढेच सांगते. मनुष्यांनी त्यावर काय केले हे त्यांच्या घरांतून, भांड्यांतून आणि कोठारांतून शोधावे लागते.

महाराष्ट्राला दुर्गादेवीचा दुष्काळ परंपरेने ठाऊक आहे. १३९६ पासून सुमारे बारा वर्षे तो चालला असे सांगतात. छत्तीसगडच्या बस्तर भागातील दंडक गुहेच्या लवणस्तंभात चौदाव्या आणि पंधराव्या शतकांतील दीर्घ अवर्षणांच्या खुणा मिळाल्या आहेत. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली आठवण आणि गुहेत थेंबाथेंबाने साचलेला चुना या दोघांची साक्ष येथे जुळते.

यरुशलेमच्या बोगद्याची साक्ष

हीच रीत पवित्र शास्त्रातील घटनांना लावता येते काय? एक उदाहरण पाहा. हिज्कीया राजाने तळे आणि पाट करून नगरात पाणी आणले असे शास्त्र सांगते (२ राजे २०:२०, २ इतिहास ३२:३०). अश्शूरचा राजा सन्हेरीब चाल करून येत होता तो हा काळ. यरुशलेमेत गीहोन झऱ्यापासून शिलोह तळ्यापर्यंत ५३३ मीटर लांबीचा बोगदा खडकात खोदलेला आहे. १८८० मध्ये त्याच्या भिंतीवर एक लेख सापडला. दोन बाजूंनी खोदत आलेले कामगार एकमेकांना कसे भेटले याचे त्यात वर्णन आहे. परंतु दिल्लीच्या लोहस्तंभाप्रमाणेच त्यातही वर्ष नाही, आणि राजाचे नावही नाही.

१९९६ मध्ये दोन अभ्यासकांनी असे मत मांडले की, हा बोगदा हिज्कीयाच्या पुष्कळ नंतरचा, इ.स.पू. दुसऱ्या शतकातील असावा. या मताचे उत्तर रागाने देता आले असते. पण संशोधकांनी बोगद्यालाच विचारले. त्याच्या गिलाव्यात वनस्पतींचे तुकडे अडकले होते. त्यांची कार्बन पद्धतीने परीक्षा झाली. बोगदा खोदल्यानंतर छताला चुनखडीचे सुळके लोंबू लागले होते. त्यांचे वय युरेनियम आणि थोरियम यांच्या प्रमाणावरून काढले. २००३ मध्ये आमोस फ्रुमकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकाल प्रसिद्ध केला: काळ इ.स.पू. ७०० च्या आसपासचा. दोन भिन्न पद्धती, पण साक्ष एक. दुसऱ्या शतकाचे मत त्यापुढे टिकणे कठीण झाले. तथापि खोदण्याचा हुकूम कोणत्या राजाने दिला हे चुनखडी सांगू शकत नाही. त्यासाठी लिखित वचनाकडेच वळावे लागते.

आमोसाच्या भूकंपाचेही तसेच. हासोर येथे यिगाएल यादीन यांना इ.स.पू. आठव्या शतकातील कललेल्या आणि कोसळलेल्या भिंती आढळल्या, आणि त्यांनी त्यांचा संबंध त्या भूकंपाशी जोडला.

साक्षीदाराची उलटतपासणी

एकट्या साक्षीदाराच्या बोलण्यावर निर्णय देऊ नये, दोघातिघांची साक्ष घ्यावी, असे मोशेच्या नियमशास्त्राने ठरवून दिले (अनुवाद १९:१५). पहिल्याने मांडलेली बाजू खरी भासते, पण प्रतिपक्षाने येऊन तपासले की ती कसाला लागते, असे शलमोनाचे शहाणपण सांगते (नीतिसूत्रे १८:१७). निसर्गाच्या साक्षीलाही ही कसोटी लावली पाहिजे.

लाकूड आपण तोडले गेलो केव्हा हे सांगत नाही, आपण वाढलो केव्हा हे सांगते. मोठ्या झाडाच्या गाभ्यातील लाकूड सालीजवळच्या लाकडापेक्षा शेकडो वर्षे जुने असू शकते. शिवाय जुन्या वाड्याचे सागवानी खांब उतरवून नव्या घराला लावण्याची रीत आपल्याला ठाऊकच आहे. तेव्हा खांबाचे वय हे घराचे वय नव्हे. चुनखडीच्या प्रदेशातील पाण्यात जुना कार्बन विरघळलेला असतो, त्यामुळे तेथील शिंपले खऱ्याहून जुने भासू शकतात. झाडही एखाद्या कठीण वर्षी वलय धरत नाही, किंवा एका वर्षात दोन वलयांचा भास करते. म्हणूनच एका झाडावर विसंबून न राहता अनेक झाडे पडताळतात.

आणखी एक उलटतपासणी आपण स्वतःची केली पाहिजे. सनौलीच्या गाड्यांना ‘रथ’ म्हणावे की बैलगाड्या, यावर विद्वानांत मतभेद आहेत. चाके भरीव आहेत, आणि गाड्यांसोबत घोड्याचे अवशेष मिळालेले नाहीत. तरीही कित्येकांनी या गाड्यांचा आपापल्या अभिमानाला अनुकूल असा अर्थ लगेच लावला. त्यांना दोष देण्याआधी आपण आपल्याकडे पाहू. नोहाच्या तारवाचे लाकूड सापडल्याची बातमी आली की, परीक्षा होण्याआधीच ती सभेत सांगण्याचा मोह आपल्यापैकी किती जणांना आवरतो?

मृत समुद्राजवळ सापडलेल्या यशयाच्या गुंडाळीचे वय कार्बन पद्धतीने ख्रिस्तपूर्व शतकांतील ठरले, तेव्हा आपण आनंदलो. त्याच पद्धतीने १९८८ मध्ये तीन प्रयोगशाळांनी तुरीनच्या प्रेतवस्त्राचे वय १२६० ते १३९० च्या दरम्यानचे ठरवले, तेव्हा पुष्कळांना ती पद्धतच खोटी वाटू लागली. त्या निकालावर शंका घेणे गैर नाही, शंका सकारण असली पाहिजे एवढेच. घेताना एक वजन आणि देताना दुसरे वजन ठेवणाऱ्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो (नीतिसूत्रे ११:१). हे वचन केवळ वाण्याच्या दुकानासाठी आहे असे समजू नका.

आपल्या मुलांना काय सांगावे?

समजा, तुमची मुलगी दिल्लीच्या एखाद्या महाविद्यालयात इतिहास शिकते. नाताळच्या सुट्टीत घरी आल्यावर ती विचारते, “बाबा, युरोपातल्या ओक आणि पाईन झाडांच्या वलयांची साखळी बारा हजार वर्षांहून मागे जाते. आणि आपल्या जुन्या बायबलच्या समासात तर सृष्टीची उत्पत्ती इ.स.पू. ४००४ मध्ये झाली असे छापले आहे. मी कशावर विश्वास ठेवू?” तुम्ही काय उत्तर द्याल?

“असले प्रश्न विचारू नयेत” असे म्हणून तिला गप्प करता येईल. पण गप्प झालेली मुले पटलेली असतातच असे नाही. प्रश्न मनात घेऊन ती हळूच मंडळीपासून दूर जातात, आणि आईवडिलांना कारण कधी कळतच नाही.

त्यापेक्षा तिला खरे सांगा. ४००४ हा आकडा पवित्र शास्त्रातील नाही. आयर्लंडमधील आर्चबिशप जेम्स उसर यांनी १६५० मध्ये वंशावळ्या आणि राजांची वर्षे जुळवून तो काढला. इंग्रजी बायबलच्या समासात तो १७०१ पासून छापला जाऊ लागला. उसर मोठे विद्वान होते आणि त्यांचे श्रम प्रामाणिक होते. परंतु समासातील आकडा म्हणजे वचन नव्हे. शास्त्रातील वंशावळ्या सलग वर्षे मोजण्यासाठीच लिहिल्या आहेत काय, हे मत्तयाच्या पहिल्याच अध्यायावरून तपासून पाहा. आठव्या वचनात योरामानंतर लगेच उज्जीया येतो. राजांच्या पुस्तकांशी ताडून पाहिले तर मध्ये अहज्या, योवाश आणि अमस्या असे तीन राजे वगळलेले दिसतात. मत्तयाचा हेतू ख्रिस्ताचे कुळ दाखवण्याचा होता, पंचांग मांडण्याचा नव्हता. मग जे मोजण्यासाठी ती यादी लिहिलीच नाही, ते तिच्याकडून मोजून घेण्याचा हट्ट आपण का धरावा?

वृक्षवलयांच्या साखळीपुढे उसर यांचा आकडा टिकत नाही, हे कबूल करण्यात श्रद्धेची हानी नाही. मनुष्याने केलेली गणना चुकली एवढेच त्यात सिद्ध होते. त्याचबरोबर तिला हेही सांगा की, झाड कोणत्या वर्षी पाऊस पडला ते सांगेल, पाऊस कोणाच्या हातात आहे हे त्याच्या वलयांत लिहिलेले नाही. बोगद्याचा गिलावा हिज्कीयाच्या काळाशी जुळेल, पण त्या रात्री राजाने कोणापुढे गुडघे टेकले हे गिलावा सांगणार नाही. प्रत्येक साक्षीदाराला जे ठाऊक आहे तेच त्याला विचारावे.

सर्व गोष्टींची पारख करावी आणि जे चांगले ते धरून ठेवावे, ही पौलाची शिकवण आहे (१ थेस्सलनीकाकरांस पत्र ५:२१). झाडाचा निर्माता आणि वचनाचा दाता एकच आहे असे आपण मानतो. तर मग त्या दोहोंपैकी कोणाचीही साक्ष ऐकण्याची भीती आपल्याला का वाटावी? पुढच्या खेपेस अंगणातील एखादे झाड तोडावे लागले, तर खोडाच्या त्या कापलेल्या तोंडाजवळ मुलांना घेऊन बसा. सालीकडून आत मोजत जा. त्यांच्या जन्माचे वलय दाखवा, तुमच्या विवाहाचे दाखवा, आणि एखादे अरुंद वलय आढळले तर त्या वर्षी घरात काय सोसावे लागले आणि देवाने कसे निभावून नेले, ते त्यांना सांगा.

मनन आणि चर्चेसाठी प्रश्न

१. शास्त्रलेखकांनी काळ सांगण्यासाठी कोणकोणत्या खुणा वापरल्या? यशया ६:१, आमोस १:१ आणि लूक ३:१ वाचून सांगा.

२. कार्बनच्या घड्याळातील चूक वृक्षवलयांनी कशी दाखवली? हडप्पा संस्कृतीच्या काळावर त्याचा काय परिणाम झाला?

३. कोटला डहरची कवचे कोणती गोष्ट सांगू शकतात, आणि कोणती सांगू शकत नाहीत?

४. आपल्याला अनुकूल पुरावा लगेच स्वीकारून प्रतिकूल पुरावा नाकारण्याचा प्रसंग तुमच्यावर कधी आला होता काय? नीतिसूत्रे ११:१ च्या प्रकाशात विचार करा.

५. तुमच्या घरातील वा मंडळीतील तरुणांनी असे प्रश्न विचारल्यास त्यांना मोकळेपणाने बोलता येईल असे वातावरण तेथे आहे काय? नसल्यास आरंभ कोणी करावा?